हातावरची काकवी

मार्गशीर्ष लागला की कंपनीच्या बसची खिडकी मी लावून घेतो. शेजारी बसणारा विचारतो, "थंडी वाजती का?" मी हो म्हणतो. थंडी वाजतेच, ते काही खोटं नाही. पण या दिवसांत कारेगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. बस ट्रॉलीच्या मागे अडकते, पुढे उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी लोंबत असतात, बुडख्यांना ओली माती असते, आणि लांब कुठंतरी कुणीतरी पाचट पेटवलेलं असतं. तो धूर आणि तो ओला गोड वास एकत्र आला की मला एकच वाटतं. कुणीतरी काहीतरी विचारलंय, उत्तर द्यायची वेळ झालीय आणि मला ते येत नाही.

यंदा खिडकी लावून उपयोग झाला नाही, कारण विचारणारं माणूस घरातच निघालं.

मंगल, माझी बायको, इथंच एका कंपनीत पॅकिंगला जाते. कॉन्ट्रॅक्टरकडून, पण चार वर्षं सलग. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अवं, मी काय म्हणते, भाकरीचं काम चालू करू का?"

"कसलं भाकरीचं?"

"इथल्या समद्या मेसमधी चपाती. ती बी चामड्यावानी. पोरं मराठवाड्याची, नगरची, आपल्या शिरूरकडची. त्यांला भाकरी लागती. सकाळच्या पारी थापायच्या, मेसवाल्यांना घालायच्या. पॅकिंगचं काम सोडते."

मी विचारलं, "पण घेतील का?"

"घेतील का म्हंजी? काल शेजारच्या खोलीतल्या पोरांला गरम गरम भाकरी दिल्या. बोटं चाटली त्यांनी. म्हणली, वयनी, तुम्ही चालूच करा, आमी समदे हाय."

ती हसत सांगत होती. मी म्हणालो, "बघू." आणि उगाच उठून दाराची कडी नीट आहे का ते पाहून आलो. ती लावायची वेळसुद्धा झाली नव्हती.

बोटं चाटली. याच दोन शब्दांवर माझा एक अख्खा हिवाळा गेला होता.

मी इकडचा नाही. वऱ्हाडातल्या खामगावकडचा. आठवीत असताना वडील गेले, पुढे शाळा आपोआप सुटली. कुणी सोडवली नाही, मीही धरून ठेवली नाही. दोन-तीन वर्षं कापसात काढली. मग गावातला एक जण दौंड तालुक्यात गुऱ्हाळावर कामाला जायचा, त्याच्यामागं निघालो. सन दोन हजार यायचं होतं अजून, त्याच्या आधीची ही गोष्ट. दौंडच्या स्टेशनात उतरलो तेव्हा पहाट उजाडत होती आणि माझ्या अंगात नुसता शर्ट होता. तिथून पॅसेंजरने केडगाव, आणि केडगावहून वरवंडच्या बाजूला शेताशेतातून पायी. ज्याच्यामागं आलो तो माणूस आठ दिवसांत कंटाळून परत गेला. मी राहिलो. जायला पैसे नव्हते हे एक, आणि दुसरं म्हणजे तिथं मला पोटभर खायला मिळालं.

गुऱ्हाळाचे मालक सुदामआबा. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते अजून आठवतं. वरून खाली पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "ह्यो कामाचा? ह्यो तर वाऱ्यानं उडंल."

काकी चुलीपासून म्हणाल्या, "उडू द्या. आधी खाऊ द्या."

बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वर काकवी. काकवी म्हणजे उसाचा रस आटत आटत गुळाच्या अलीकडं येतो तेव्हाचा तो दाट, तांबूस पाक. आमच्याकडं मी ती कधी पाहिली नव्हती. मी विचारलं, "हे कायले टाकलं वरून?" आमच्याकडं 'कशाला'ला 'कायले' म्हणतात. बस. त्या दिवसापासून तिथं माझं नाव पडलं 'कायले'. "ए कायले, चिपाडं आण." "कायले, मोटर बंद कर." कुणाला राग यायचा, मला येत नव्हता. परक्या मुलखात कुणी नाव ठेवतं म्हणजे त्यानं आपल्याला मोजलेलं असतं.

गुऱ्हाळाचा हिवाळा हा वेगळाच हिवाळा असतो. सगळा मुलूख कुडकुडत असतो आणि तिथं एक जागा रात्रंदिवस तापलेली असते. चरक घरघरत असतो, त्यातून हिरवट रस पिंपात पडतो, पिळून निघालेली चिपाडं आम्ही उन्हात पसरायची, वाळली की चुलाणाच्या भट्टीत सारायची. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटतो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता बसमध्ये बसून कधीकधी वाटतं.

काहिलीवर, रस आटतो त्या मोठ्या कढईवर, उभे असायचे मारुतीआप्पा. हे आमचे गुळवे. पाक कुठं थांबवायचा, काहील कधी उतरवायची, हे सगळं ते ठरवणार. त्यांच्या घरात मागच्या पिढीपर्यंत मेंढरं होती; आता थोडी शेती होती आणि हे काम. पण मेंढरं त्यांच्या तोंडातून गेली नव्हती. काहिलीत फेस चढायला लागला, काठापर्यंत आला, की आप्पा जीभ टाळ्याला लावून कळपाला वळवायचा आवाज काढायचे. टिर्रर्र, हा, हा. आणि वरून भेंडीचं पाणी शिंपडायचे. फेस बसायचा. मला म्हणायचे, "फेस म्हंजी मेंढरू हाय. एक उतरलं का समदा कळप त्याच्यामागं."

आबांच्या गुऱ्हाळाला एक नेम होता. तसा तो त्या भागातल्या सगळ्याच गुऱ्हाळांना होता, पण आबा तो जरा जास्तच पाळायचे. आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. वाटसरू असो, सोलापूर रस्त्यावरून धूर बघून गाडी वळवून आलेलं पुण्याचं कुटुंब असो, नाहीतर बायका-पोरांसकट आलेले ऊसतोडे असोत. आधी तांब्याभर रस. मग पाक झाला असला तर काकवी. वाट्या किती पुरणार? म्हणून हातावरच. माणूस ओंजळ पुढं करायचा, आम्ही त्यात निवलेली काकवी ओतायची, आणि तो चाटत चाटत काहिलीकडं बघत उभा राहायचा. कुणी पैसे काढले की आबा लांबूनच ओरडायचे, "ओ पाव्हणं, खिशात घाला ते! गूळ इकायचा आसतो. काकवी वाटायची आसती."

तर असाच एक जण आला. डोळ्यांना चष्मा, सोबत बायको, एक मुलगी. त्यानं काकवी चाखली आणि डोळे मिटले. रिकामी पाण्याची बाटली गाडीतून आणली, ती आम्ही भरून दिली. जाताना तो मला म्हणाला, "पुण्यात हे मिळत नाही हो. मिळालं तर आम्ही रोज घेऊ."

तो गेला आणि त्याचं वाक्य राहिलं. चिपाडं पसरताना ते माझ्याबरोबर असायचं. मिळालं तर आम्ही रोज घेऊ. मला तोवर कुणी 'रोज' असं काही देऊ केलं नव्हतं. मी रोजानं काम करत होतो, पण तो रोज वेगळा.

मग मी विचारायला लागलो. जो येईल त्याला. त्याच्या हातावर काकवी ओतायची, तो चाटायला लागला की विचारायचं, "बाटलीत भरून विकली तर घ्याल का?" माणसं म्हणायची, घेऊ की. का नाही घेणार? एक नंबर आहे. शिक्षक म्हणाले घेऊ, रेल्वेतले म्हणाले घेऊ, वरवंडच्या बाजारातून परतणाऱ्या बायका म्हणाल्या, आण बाबा, घेऊ. एकानंही नाही म्हटलं नाही. मी सगळे होकार मनात साठवत गेलो. मला वाटलं, विचार करून पाऊल टाकणं म्हणजे हेच. शहाणी माणसं आधी विचारतात, मीही विचारतोय.

काकी एकदा शेजारी उभ्या होत्या. माणूस गेल्यावर म्हणाल्या, "कायले, येड्या, ज्याच्या हातावर आपली काकवी हाय त्यो काय न्हाई म्हणंल व्हय?" आणि हसल्या. मीही हसलो. मला ती थट्टाच वाटली.

मंगलला हे सांगावं असं मनात आलं. त्या पोरांना भाकरी खाताना विचारू नकोस, दुसऱ्या दिवशी पोट भरलेलं असताना विचार. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि पुढचं तेवढं सरळ नाही.

आबांना मी भीत भीत सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते चुलाणाच्या तोंडाशी बसून हात शेकत होते. म्हणाले, "कर की. पाक मी देतो. गुळाच्या हिशेबानं नंतर बघू. पण हितं इकायची न्हाई. माझ्या आवारात काकवीला भाव लागला, तर उद्या पाण्याला बी लागंल." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् दुसरं एक सांगायचंच व्हतं तुला. आप्पाच्या डोळ्यांला धुरानं दिसंना झालंय. त्यांला हाताखाली कुणीतरी पायजे. मी तुझं नाव घेतलं, त्ये बी व्हय म्हणलं. संक्रांतीनंतरचा ऊस गोड, पाक शिकायचा तर त्याच उसावर. तवा संक्रांतीपतुर सांग. गुळव्या व्हायचं का बाटल्या इकायच्या. दोन डगरीवर हात ठिऊ नगं."

मी आजही ते आठवून गहिवरतो. कोण कुठला मी. जेमतेम अर्धा हंगाम झालेला. गुळव्याची जागा म्हणजे गुऱ्हाळाचा जीव, ती घरातल्या माणसालाही कुणी सहज देत नाही. आणि एकाच बसल्या जागी त्या माणसानं मला दोन वाटा दिल्या, दोन्ही त्याच्याच पदरच्या. एकच अट, सांग. तेवढंच मला जमलं नाही.

बाटल्या मिळाल्या त्या ढाब्यावरच्या. दारूच्या, दुसऱ्या कुठल्या मिळणार? काकींनी राखेनं घासल्या, कढत पाण्यानं धुतल्या, उन्हात पालथ्या घातल्या. पुणं मला लांब वाटलं, भीती वाटली. आबांचा भाचा कारेगावला एका कॉन्ट्रॅक्टरकडं होता. तो म्हणायचा, कंपन्या नव्या निघाल्यात, माणूसच माणूस आहे. म्हणून कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी पोतं घेऊन निघायचो. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरकडची एसटी, भीमेचा पूल ओलांडला की हिरवं संपत जायचं आणि बाजरीचं रान लागायचं. पुढं जीप. मांडीवर पोतं, आणि प्रत्येक गचक्याला काचेचा आवाज. मला वाटायचं सगळी जीप माझ्याकडंच बघतीय.

कारेगावात रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसलो. पहिलाच माणूस आला, त्यानं बाटली उचलली, उन्हात धरली आणि विचारलं, "दादा, खरं सांगा, आतमधी नक्की काय हाय?" आजूबाजूचे हसले.

"काकवी आहे."

"मग चाखू द्या की."

आणि माझा हात आपोआप बाटलीकडं गेला, त्याचा हात आपोआप पुढं आला. मी ओतली. त्यानं चाटली. म्हणाला, "एक नंबर. पर काकवी इकत कोण घेतं? आमच्या मामाचं गुऱ्हाळच हाय पारगावला." तिथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी गुऱ्हाळावर होतं. मामा, सासरा, मेव्हणा. उत्तरेकडची पोरं आली, त्यांनीही हात पुढं केले. एक जण म्हणाला, "अरे भैया, ये तो राब है. गाँव से आता है हमारे यहाँ." आणि घरचं काहीतरी आठवून तो बराच वेळ बोटं हुंगत उभा राहिला. घेतली मात्र नाही.

अर्धी बाटली अशी लोकांच्या हातांवर गेली. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक ऐकत ऐकत मी रिकामा होत गेलो.

एका बाईनं मात्र घेतली. कडेवर मूल होतं, साडी साधी. चाखून बघितली नाही, काही विचारलं नाही. बाटली घेतली, पिशवीत घातली आणि म्हणाली, "पुढच्या सुट्टीला बी येणार का?" मी म्हणालो, येणार.

मी आलो. ती आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. त्या एका बाईनं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं न घेणाऱ्या शंभरांनी केलं नसेल. कुणीच घेतली नसती तर मी गुमान काहिलीवर जाऊन उभा राहिलो असतो. पण एकीनं घेतली. म्हणजे घेणारं माणूस आहे. आहे तर मग कुठं आहे? की तिनं माझ्याकडं बघून घेतली, काकवीकडं बघून नाही? चिपाडं पसरताना मी त्या बाईचाच विचार करायचो. तिच्या मुलाला आवडली नसेल? ती दुसऱ्या गावची असेल? आजारी पडली असेल? ओळखीच्या माणसाबद्दलही मी इतकं कधी घोकलं नव्हतं.

आप्पांना एकदा विचारलं. दुपारची वेळ, काहील नुकतीच उतरली होती, ते डोळ्यांवर ओला पंचा ठेवून बसले होते. म्हणालो, "आप्पा, तुम्हीच सांगा, काय करू?"

"मला काय इचारतो? मी गुळव्या, गुळव्याच हो म्हणणार." मग पंचा न काढताच बोलत राहिले. "आमच्या बापानं मेंढरं इकली तवा कुणाला इचारलं न्हाई. आईला बी न्हाई. सकाळी कळप नेला आन् दुपारी मोकळाच आला, खांद्यावर नुसती काठी. आई दोन दिस जेवली न्हाई."

"मग बरोबर केलं का त्यांनी?"

"कुणाला ठावं? ज्यांनी ठिवली, त्येंचं काही बरं झालं, काही वंगाळ झालं. आमचं बी तसंच. बरोबर का चूक, ते मला आजून कळलं न्हाई. आन् कळून बी काय, मेंढरं माघारी थोडीच येत्यात?"

मला धीर हवा होता. आप्पांकडं तो नव्हता, त्यांच्याकडं जे होतं ते त्यांनी दिलं. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "तुझा हात चांगला हाय बरं का. ढवळताना घाई करत न्हाईस." एवढं एकच ते माझ्याबद्दल कधी बोलले. मी ते जपून ठेवलंय. घाई न करणं हा गुण कुठं होता आणि कुठं नव्हता, हे मात्र मी ओळखलं नाही.

संक्रांत आली. काकींनी तिळगूळ दिला, गूळ अर्थात घरचाच. आबा उसाच्या मोळ्यांवर बसले होते, मला हाक मारली. "काय ठरलं, कायले?"

माझ्या तोंडात तिळगूळ होता. तो गिळेपर्यंत मला दोन्ही उत्तरं येऊन गेली. काहिलीजवळची ती ऊब, आप्पांचा आवाज. आणि रोज, रोज घेणारी माणसं. मी म्हणालो, "आबा, अजून थोडं बघतो. अजून एक-दोन खेपा करून."

आबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान हलवून म्हणाले, "बघ. पर ऊस थांबत न्हाई बाबा. आप्पाचा हात मोकळा ठिवता यायचा न्हाई मला."

त्याच दुपारी चुलाणात जाळ सारणारा रामसुख, उत्तरेकडचा, मुकाट्यानं काम करणारा माणूस, आप्पांच्या शेजारच्या पाटावर उभा होता. आप्पा त्याचं मनगट धरून दांडा कसा फिरवायचा ते दाखवत होते. फेस चढला. आप्पांनी आवाज काढला, टिर्रर्र, आणि रामसुखनं तोच आवाज त्याच्या परीनं काढून बघितला. सगळे हसले. मीही हसलो. चिपाडाचा भारा माझ्या डोक्यावर होता, त्यामुळं माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

पुढच्या खेपा मी केल्या. न करून दुसरं करणार काय? बाई आली नाही. माघ सरत आला, ऊन चढलं, आणि मी घाईनं भरलेली एक खेप जरा पातळच होती. माझ्या खोपीत, कोपऱ्यात ठेवलेल्या त्या बाटल्यांची बुचं एका दुपारी फट् फट् उडाली. फेस दाराखालून बाहेर आला. आबा बघायला आले, वास घेतला आणि म्हणाले, "आरं, दारू झाली की! आता खपंल, ने कारेगावला." सगळं गुऱ्हाळ हसलं. काकींनी न बोलता राख टाकली आणि जमीन पुसून घेतली. मला हात लावू दिला नाही.

आबांनी मला हंगामभर ठेवलं, आणि हंगाम संपला तेव्हा त्याच भाच्याला सांगून मला कारेगावला कंपनीत चिकटवलं. स्वतः चौफुल्यापर्यंत सोडायला आले. एक गुळाची ढेप फडक्यात बांधून दिली. ज्याच्या नशिबी असा मालक येतो त्यानं तक्रार करू नये. मी करत नाही. पोरगं शाळेत जातं, खोली पक्की आहे, वर्षाचे बारा महिने पगार येतो, गावी आईला पैसे जातात. आपण बुडालो नाही हे मला रोज सकाळी बसमध्ये चढताना जाणवतं, आणि मी मनातल्या मनात त्या घराला हात जोडतो.

तरी ट्रॉलीमागं बस अडकली की ते येतंच. कारेगावच्या एका मोठ्या दुकानात आता काकवी मिळते. लेबल लावलेली, झाकण घट्ट. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फळीसमोर इतका वेळ उभा राहिलो की दुकानदारानं विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, "ही खपते का?" तो म्हणाला, "खपती की. खपत नसती तर ठेवली असती का?" म्हणजे खरंच घेणारी माणसं होती? की तेव्हा नव्हती, आता झाली? आबांच्या भागातल्या गुऱ्हाळांवर म्हणे आता पाट्या लागल्यात, काकवी मिळेल म्हणून. जिथं फुकट मिळायची तिथं कुणी विकत घेत नव्हतं, आणि फुकट मिळायची बंद झाली तेव्हा मी दुसऱ्याच्या मशीनवर उभा होतो. हातावर काकवी असताना आलेला होकार खोटा निघाला हे मी शिकलो. पण कारेगावच्या रस्त्यावर आलेला नकारही खरा नव्हता, हे नंतर कळलं. मग माणसानं विचारायचं तरी कुणाला? आप्पा गेले. असते तरी पंचा डोळ्यांवर ठेवून तेच बोलले असते.

मंगलनं त्यानंतर पुन्हा विचारलं. एकदा चहा गाळताना. "बोला की, करू का नगं?" मी म्हणालो, पॅकिंगचं काम पक्कं आहे, ते सुटलं की परत मिळणार नाही. ती म्हणाली, "म्हंजी नगं?" मी म्हणालो, तसं नाही. एकदा कपडे वाळत घालताना विचारलं. मी म्हणालो, मेसवाले आज घेतील, उद्या बंद करतील, पीठ अंगावर पडेल. "म्हंजी नगं म्हणता?" मी म्हणालो, तसं नाही गं, बघू. मला तिला सावध करायचं होतं, आणि अडवायचंही नव्हतं. दोन्ही एकदम कसं करतात ते मला येत नाही. तिनं चिमटा लावला आणि पुढचा कपडा उचलला. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, विषय टळला. शेवटचं विचारणं तेच होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

काल पहिल्या पाळीवरून परत आलो. गल्लीत शिरताच धूर दिसला आणि तव्यावरच्या बाजरीचा खरपूस वास आला. आमचं दार सताड उघडं. आत मंगल परातीपुढं बसलेली, कोपरापर्यंत पीठ, बाजूला नवा मोठा तवा, आणि फडक्यावर भाकऱ्यांची चळत. कोपऱ्यात एका मेसचा अॅल्युमिनियमचा डबा. या वेळी ती पॅकिंगला असायला हवी होती.

मी दारातच उभा राहिलो. "हे कधी ठरलं?"

"ठरून झाले चार दिस. थापायला आजच बसले. मेसवाले भाऊ आत्ताच रातच्या जेवणाचा एक डबा घिऊन गेले. दुसरा न्यायला येतील."

"आणि काम?"

"सोडलं."

"मला बोलली नाहीस."

तिचा हात थांबला नाही. भाकरी गोल गोल फिरत मोठी होत होती, कडा कुठं फाटत नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "कायला बोलायचं? तुमची झोप गेली असती."

खरंच गेली असती. मी चप्पल काढली, हात-पाय धुतले, भिंतीला टेकून बसलो. हे चालेल का, किती दिवस चालेल, पीठ कुठून आणलं, मेसवाला कसा माणूस आहे, असं सगळं विचारायचं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि माझ्याकडं न बघता ताट ओढलं.

"दोन वाढू का तीन?"

त्याचंही उत्तर द्यायला मला वेळ लागला.